दीड दिवसाची मेंढरं

सकाळी दूध आणायला खाली उतरलेल्या माणसाला आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात एक प्रेत दिसायचं. लेंगा-बनियन घातलेलं, पालथं पडलेलं, उजवा कान जमिनीला चिकटवलेला. नवा भाडेकरू असला तर किंचाळायचा. जुने लोक प्रेताला वळसा घालून जायचे. थोड्या वेळाने प्रेत मान उचलायचं आणि चारही गॅलऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचं, "डेड! लाइन डेड आहे!"

हे आमचे दिगूकाका राऊळ, मुक्काम लालबाग, पहिला मजला. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. नोकरीभर ते खांबावरच राहिले. परळपासून प्रभादेवीपर्यंतचे कावळे त्यांना नावाने ओळखायचे आणि एका कावळिणीने त्यांच्या टूलबॉक्समध्ये अंडी घातली तेव्हा काकांनी त्या खांबाची तक्रार पिल्लं उडेपर्यंत दाबून ठेवली, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे. रिटायर झाले तेव्हा खाली उतरले आणि मला म्हणाले, "सुधाकर, सगळा जन्म हवेत गेला रे. जमिनीशी बोलणंच झालं नाही."

तेव्हापासून ते जमिनीला कान लावू लागले.

बोलायला जमीन निवडली तीही काय निवडली! आमच्या चाळीमागे बंद गिरणीची भिंत, आणि चाळ नि भिंत यांच्या मध्ये ते अंगण. दोन पिढ्यांचं डबर, राख आणि फुटके माठ त्यात गाडलेले. इतकं टणक, की टप्पा पडलेला टेनिस बॉल तिसऱ्या मजल्यावर सामंतबाईंच्या कढीत जायचा आणि परत येताना फोडणीसकट यायचा. त्या जमिनीवर गवताचं पातं उगवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

मग काकांच्या मुलाने त्यांना स्मार्टफोन दिला, आणि फोनमध्ये एक दाढीवाला परदेशी शेतकरी निघाला. तो बोलायचा इंग्रजीत, काका ऐकायचे मालवणीत. त्याचा मथितार्थ काकांनी मला जिन्यात अडवून सांगितला. "जनावरं दाटीवाटीने उभी करायची. खाऊ देत, तुडवू देत, लेंड्या टाकू देत. मग लगेच पुढच्या तुकड्यात हलवायची. आणि खाल्लेल्या तुकड्याकडे तो पुरता वर येईपर्यंत ढुंकून बघायचं नाही. जमीन चरण्याने मरत नाही रे. एकाच जागी चरत राहिलं, की मरते."

"पण काका, चरायला आहे काय इथे?"

"लाइन टाकायच्या आधी कुठे फोन वाजतो?" काका म्हणाले आणि देवनारच्या बकरा बाजारात गेले.

येताना टेम्पोतून दोन शेळ्या आणि एक मेंढी आणली. शेळ्यांची नावं एसटीडी आणि आयएसडी. मेंढीचं नाव ट्रंककॉल, कारण तिला हाक मारली की ती फार उशिराने लागायची. कुंपणाला कफ परेडच्या मच्छीमार नगरातून फाटकी जाळी आणली. बांबू रोवून, जाळी ताणून अंगणाचे चौकोन पाडले. रोज सकाळी जाळी उचलून पुढच्या चौकोनात. त्या जाळ्यांना बोंबलांचा वास असा, की अख्ख्या लालबागेतली मांजरं बाहेरून गोल करून बसायची. मुंबईत झेड दर्जाची सुरक्षा असलेली मेंढी एवढी एकच.

खायला दादरच्या फूलबाजारातला उरलासुरला माल. काका पहाटे पोती भरून आणायचे, हारांतले दोरे ओढून काढायचे आणि झेंडू, शेवंती, मोगरा त्या दगडी जमिनीवर पसरायचे. जनावरं अर्धं खायची, अर्धं तुडवायची. एसटीडीच्या दुधाला मोगऱ्याचा वास येऊ लागला. आमच्याकडे चहा घेतला की लग्नाला जाऊन आल्यासारखं वाटायचं.

तुडवून झालेला चौकोन म्हणजे 'एंगेज'. पूर्वी चाळीत फक्त संडास एंगेज असायचा, आता जमीनही असू लागली. सामंतबाई गोधडी वाळत घालायला निघाल्या, की काका वरून ओरडायचे, "वहिनी, पाय मागे घ्या! एंगेज आहे तो चौकोन!" आणि सामंतबाई, ज्यांनी नवऱ्याचंही कधी ऐकलं नाही, त्या पाय मागे घ्यायच्या.

ऐकत नव्हता तो बाळ्या दळवी. हा आमच्या गणेशमंडळाचा अध्यक्ष, चाळ कमिटीचा सेक्रेटरी आणि दोन गाड्यांचा मालक. त्याला त्या जागी पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करायचं होतं.

"काका, शेळ्यांना पार्किंगचे स्टिकर देऊ काय?"

"दे की. आणि तुझ्या गाड्यांना सांग, त्यांनीपण रोज थोड्या लेंड्या टाकाव्यात."

शेवटी कमिटीत ठरलं. दसऱ्यापर्यंत जमीन हिरवी दिसली तर विचार करू. नाही दिसली, तर पेव्हर ब्लॉक. त्या दिवसापासून काका जमिनीला सकाळ-संध्याकाळ कान लावू लागले.

संध्याकाळी कान लावून झाला, की विरारला फोन. शालिनीकाकी नातवाला सांभाळायला मुलाकडे गेल्या होत्या. नातू शाळेत जाऊ लागला तरी काकी तिथेच. दोघांचं बोलणं स्पीकरवर असल्यामुळे चाळीला पाठ होतं.

"गुडघे काय म्हणतत?"

"म्हणतत काय, रडतत."

"येतंस काय चार दिस?"

"बघूया."

त्या 'बघूया'नंतर काका फोन ट्रंककॉलच्या तोंडाशी धरायचे. ती कधी बें करायची नाही. काकी पलीकडे वाट बघत थांबायच्या. मग दोघंही फोन ठेवायची.

वैशाख आला तरी जमीन आपली करडीच. तीन जनावरांच्या खुरांनी डबर काय फुटणार! आणि एक दिवस मंडळाच्या बैठकीत काका उभे राहिले.

"मंडळी, यंदा मागच्या अंगणात मेंढरं बसवायचा विचार आहे."

आता देशावर मेंढरं बसवणं म्हणजे काय, ते तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. धनगराचा कळप शेतात मुक्कामाला ठेवायचा. लेंड्या-मुताने रान सुपीक होतं. पण हे लालबाग. इथे 'बसवणे' हे क्रियापद एकाच देवासाठी राखून ठेवलेलं आहे. बैठकीत एकदम चैतन्य पसरलं. बाळ्याचे डोळे चमकले.

"काका, जबरदस्त आयडिया! गावचा देखावा! मेंढरं फायबरची, की थर्माकोलची?"

"लोकरीची," काका म्हणाले.

"वा! लोकर चिकटवायची! आणि किती दिवसांची?"

काकांना वाटलं, मुक्काम विचारतोय. "दीड दिवसाची पुरे."

"दीड दिवसाची मेंढरं! बसवायची का, मंडळी?"

"बसवायची!" ठराव टाळ्यांच्या गजरात, एकमताने. आमच्या मंडळात असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

पुढच्याच रविवारी सकाळी चाळीच्या तोंडाशी टेम्पो लागले. सखाराम धनगराचा कळप पनवेलकडून घाटावर परत निघाला होता. काकांनी त्याला फोनवरच पटवलं होतं. फळ्या पडल्या आणि गल्लीत मेंढरं ओतली गेली. मोजली कुणी नाहीत. माझ्या मते हजार असावीत. माझी बायको सत्तर म्हणते, पण तिला कुठल्याच गोष्टीचा मोठेपणा दिसत नाही.

सखारामने मुंडासं सारखं केलं आणि समोर दात घासत उभ्या असलेल्या बाळ्याला विचारलं, "पावनं, कुटं बसवायची?"

बाळ्याच्या तोंडातून फेस गळाला. "ही... ही जिवंत आहेत!"

"मग? मेलेली कोण बसवतंय व्हय?"

ठराव झालेला होता, एकमताने. मेंढरं मागच्या अंगणात शिरली आणि भिंतीपासून जिन्यापर्यंत जमीन दिसेनाशी झाली. सामंतबाईंनी पुढच्या मेंढीला हळद-कुंकू लावलं. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी आरतीचं तबक आणलं. सखारामला लाजल्यासारखं झालं.

ती दुपार मी विसरणार नाही. शेकडो तोंडं फुलं चघळत होती, त्याचा एक सारखा, मऊ आवाज होत होता. पुलावरच्या गाड्यांचे हॉर्न त्या आवाजात विरघळून गेले. समोरच्या टॉवरची सावली कुणी पाठीवरून हात फिरवावा तशी कळपावरून सरकत होती. तिसऱ्या मजल्यावरून बघताना कळेना, की आपण वर आहोत आणि खाली ढग आहेत, की चाळच ढगांवर बसून कुठेतरी निघाली आहे. कठड्याला टेकलेली माणसं उभ्या उभ्या पेंगू लागली. कुकर शिट्टी द्यायची विसरले. माझ्या शेजारी टीव्ही चालू होता आणि त्यातला बातम्या देणारा माणूस जांभई देऊन गप्प झाला, हे मी स्वतः पाहिलं.

दीड दिवसाने कळप निघाला तेव्हा अख्खी चाळ निरोपाला खाली उतरली. "पुढच्या वर्षी लवकर या!" कोण ओरडलं ते मी सांगणार नाही. त्याच्या दोन गाड्या आहेत.

खाली डबराचा पार भुगा झाला होता. वर लेंड्या, फुलं आणि लोकरीचे पुंजके. पावसाळा लागला आणि एका सकाळी प्रेत उठलं ते ओरडत नाही, तर कुजबुजत. "सुधाकर, डायलटोन येतोय रे."

श्रावणात अंगण हिरवं झालं. झेंडूची रोपं, शेवंती, दूर्वा, माठाची भाजी, आणि सखारामच्या मेंढरांनी पनवेलहून पोटातून आणलेली नाव नसलेली गवतं. एसटीडी, आयएसडी आणि ट्रंककॉल चौकोनाचौकोनाने पुढे सरकत, आणि त्यांच्या मागे गवत पुन्हा वर येई. भिंतीकडच्या कोपऱ्यात तर ते एवढं माजलं, की आयएसडी एकदा त्यात हरवली आणि आठवड्याने जाडी होऊन सापडली. फुलपाखरं आली. आमच्या चाळीत फुलपाखरू! दोन म्हाताऱ्यांनी त्याला चष्मा काढून पाहिलं. बाळ्या पेव्हरसाठी टेप घेऊन मोजायला गेला, जरा टेकला आणि आरतीच्या घंटेपर्यंत तिथेच घोरत पडला.

पण गाड्या काही गवत खात नव्हत्या, आणि रस्त्यावर टोइंगवाले फिरत होते. दसऱ्याच्या बैठकीत अर्धी चाळ गवताकडून, अर्धी पार्किंगकडून. हात मोजले, पुन्हा मोजले, भांडणं झाली. शेवटी बाळ्या म्हणाला, आणि खरं सांगतो, त्याचा आवाजही जड होता, "काका, सगळं नाही ठेवता येत. एक चौकोन तुमचा. कायमचा. कुठला हवा तो सांगा."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. तो कोपरा म्हणजे स्वर्ग होता. काकांनी बोट दाखवलं ते जिन्याच्या तोंडाशी. नळापाशी, जिथे चाळभरच्या पायांनी गवत निम्मं मेलेलं, त्या भिकार चौकोनाकडे.

मी त्यांना बाजूला ओढलं. "काका, डोकं ठिकाणावर आहे काय? तिथे एका शेळीचंही भागणार नाही!"

"शेळ्या सखाराम नेतोय. दिवाळीनंतर कळप उतरतो तेव्हा."

"मग हा चौकोन कशाला?"

काका लेंग्याच्या नाडीशी खेळत राहिले. "भिंतीपर्यंत तिला चालवणार नाही रे. डॉक्टरनी तिला अनवाणी मऊ जमिनीवर फिरायला सांगितलंय. विरारला सोसायटीत लॉन आहे, पण तिथे पाटी आहे, गवतावर चालू नये. वॉचमन शिट्टी मारतो. आणि इथे सगळ्या लाद्या. जाताना म्हणाली होती, हय पाय खंय टेकू? तर म्हटलं, जिना उतरली की पहिलं पाऊल..."

दिवाळीनंतर तिन्ही जनावरं गेली. काका आता रोज सखारामला फोन लावतात आणि ट्रंककॉलला द्यायला सांगतात. अजून लागलेली नाही.

आणि गेल्या रविवारी मुलाने काकींना टॅक्सीतून आणलं. त्या जिन्यापाशी थांबल्या. बाकी सगळं अंगण लाल-पिवळ्या ब्लॉकचं, आणि पायाशी हा हिरवा तुकडा. चाळ गॅलऱ्यांत उभी होती. काकींनी काकांच्या खांद्याला धरून एक चप्पल काढली, मग दुसरी. एक पाय ठेवला. मग दुसरा. डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"थंड लागता," त्या म्हणाल्या.

"हां."

"तुमी लावलास ह्या?"

"मी नाय. ता आपसूक इला." डायलटोनच्या त्या सकाळीसुद्धा काकांचा आवाज एवढा हळू नव्हता. मग राहणार का, ते आणखी हळू विचारलं, "रवतलंस?"

काकींनी डोळे उघडले नाहीत. बोटांनी गवत जरा चाचपलं.

"चपलां वर नेवन ठेवा माझी," त्या म्हणाल्या.