स्पॅनिश ओळीचा दांडा

ज्या भाषेतले ओ की ठो कळत नाही, तिच्याविषयीच माणूस निःपक्षपाती निर्णय देऊ शकतो. हे तत्त्व ध्यानात ठेवून आमच्या महाविद्यालयाने (जिल्हा जळगाव, जास्त विचारू नये) सन १९६८ मध्ये स्पॅनिश यमक-वृत्तांच्या संज्ञांचा इंग्रजी कोश करायला समिती नेमली. धुळ्याचे एक महाविद्यालय फ्रेंचचा असाच कोश करत असल्याची कुणकुण लागली होती. मग आम्ही काय हात बांधून बसायचे?

अध्यक्ष उत्तमचंदशेठ, सावद्याचे केळीचे व्यापारी. चिटणीस मी, वनस्पतिशास्त्राचा. प्रत्यक्ष काम करायला इंग्रजीचे बन्सीलाल चौधरी, चार वर्षे हंगामी. कोश मंजूर झाला तर ते कायम होणार, आणि कायम झाले तरच त्यांचे लग्न. मुलीचे वडील, चोपड्याचे आधार आबा, दर बाजाराच्या दिवशी एसटीने येऊन फाटकाशी एवढेच विचारत, "जवाई कायम व्हयना का?" बन्सीलाल मागच्या दाराने सटकत.

स्पॅनिश कोणालाच येत नसल्याने वादाचा प्रश्नच मिटला. बन्सीलालांनी एक जाडजूड पुस्तक वाचून पहिल्या बैठकीत सांगितले की, हे कवी ओळीतली अक्षरे मोजतात. शेवटच्या शब्दात जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडला तर हिशेबात एक अक्षर कमी धरतात, अगदी शेवटच्यावर पडला तर एक जास्त. मी जांभई देत होतो. शेठजी मात्र ताठ बसले.

"म्हणजे घड तोलताना दांडा वजा करतात. मग असं सरळ सांगा ना, सर."

तिथून काम झपाट्याने सुटले. एक अक्षर वजा होणारा 'एस्द्रुहुलो': 'लाइन, नेट वेट'. एक वाढणारा 'आगुदो': 'लाइन, वन एक्स्ट्रा'. पूर्ण जुळणारे यमक: 'दिल्ली क्वालिटी'. नुसते स्वर जुळणारे: 'लोकल मार्केट'. आणि मोडक्या पायाची म्हणतात ती आखूड ओळ: 'डॅमेज्ड इन ट्रान्झिट' (माल सुटल्यावर तक्रार चालणार नाही).

बन्सीलाल रडकुंडीला आले. "शेठजी, हे शब्द चूक आहेत हो."

"असतील. मग बरोबर कोणते?"

बन्सीलालांनी पुस्तक चाळले, छताकडे पाहिले आणि सही केली. मला फार वाईट वाटले, पण तेवढ्यात चिवडा आला. एकूण संज्ञा एकशे चाळीस. एकशे एकतीस एकमताने मंजूर; उरलेल्या नऊ पुढच्या बैठकीपर्यंत ठेवल्या, त्या पिकून गेल्या.

मग वरून पत्र आले की, तज्ज्ञाची पसंती जोडा. दोन्ही जिल्ह्यांत स्पॅनिश जाणणारे: शून्य. (पिंप्राळ्यात एक जण निघाला, पण तो गोव्याला ट्रक नेणारा; त्याची भाषा वेगळी आणि छापण्याजोगी नव्हती.) इकडे आबांनी बजावले की, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो, नंतर मुलगी कंडक्टरला देतो. बन्सीलालांचे अन्नपाणी सुटले. अखेर शेठजींनी बाजारातला रिवाज ठरावात घातला: माल डोळ्यांनी पाहून जो गप्प राहिला, त्याला माल पसंत. पण कोश वाचायलाच कोणी मिळेना.

आता वाचक, आपण. वरच्या पाचही संज्ञा आपण नीट वाचल्या आणि एकही चूक काढली नाही. त्यामुळे बन्सीलाल कायम झाले, आबांनी हळदीचा दिवस धरला, आणि कोशाच्या पहिल्या पानावर तज्ज्ञ म्हणून आपले नाव छापायला गेले आहे. वाचताना हसला असाल, तर नेमके काय चुकले होते म्हणून हसलात, ते स्पॅनिशमध्ये कळवावे.