दाण्याची दाणादाण

"डोळे सगळ्यांनाच असतात हो, नजर एखाद्यालाच असते!" हे वाक्य गरुडनेत्र दिवसातून निदान तीनदा म्हणायचे. आणि ती नजर कोणाला आहे, हे विचारायची कोणाची छाती नव्हती!

गरुडनेत्र हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. घरात ते 'अहो' होते, रक्त तपासायच्या लॅबमध्ये 'साहेब' होते, आणि जुन्या सिनेमांच्या डिस्क जमवणाऱ्या वेड्या लोकांच्या ऑनलाइन ग्रुपवर 'गरुडनेत्र'. बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी रक्तातल्या पेशी मोजल्या होत्या. असा माणूस घरी येऊन सिनेमा बघणार म्हणजे काय नुसती गोष्ट बघणार? छे! गोष्ट काय, कोणीही बघतं. गरुडनेत्र चित्र बघायचे. काळा रंग पुरेसा काळा आहे का, नायकाच्या कोटाचे धागे सुटे दिसतात का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दाणा शिल्लक आहे का!

आता दाणा म्हणजे काय, ते सांगायला हवं. जुन्या फिल्मच्या चित्रात बारीक बारीक ठिपके असतात, तो दाणा. डिस्क काढणाऱ्या काही कंपन्या हा दाणा कॉम्प्युटरने घासून काढतात. मग माणसांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत दिसतात. तुम्हाला-आम्हाला त्याचं काही नसतं. पण त्या ग्रुपवर दाण्यावरून लोकांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

अशा ठिकाणी शिस्त हवीच. म्हणून ग्रुप चालवणाऱ्या 'मध्यांतर' नावाच्या निवृत्त शिक्षिकेने गरुडनेत्रांना बोलण्या-वागण्याचे नियम लिहायला सांगितले. त्यांनी एका बैठकीत अकरा लिहिले. चौथा होता, 'कोणाच्याही टीव्हीला नावं ठेवू नयेत.' सातव्याचा तर त्यांना फार अभिमान! 'कोणाला टाकून बोललो आणि चूक आपलीच निघाली, तर तेच शब्द स्वतःला उद्देशून लिहावेत. ते तीन दिवस सगळ्यात वर राहतील.' मध्यांतरबाईंना आता ग्रुपचं पंचपद सोडायचं होतं. येत्या रविवारी दुपारी मतदान होतं, उमेदवार एकच होता, आणि त्याने पंच झाल्यावर करायच्या भाषणाचा मजकूर लॅबच्या पावत्यांच्या मागे लिहूनही ठेवला होता.

नेमकी त्याच आठवड्यात एका दीपगृहावरच्या जुन्या कृष्णधवल सिनेमाची नवी डिस्क आली. गरुडनेत्रांनी हॉलचे पडदे ओढले, आईला खोलीत बसवलं, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बंद करायला लावला आणि डिस्क लावली. पाचव्या मिनिटाला ते खुर्चीतून उठलेच!

"दाणा!" ते ओरडले. "अगं, दाणा आहे!"

"कुठे सांडलाय?" बायकोने आतून विचारलं.

लॅबमधून आणलेलं भिंग घेऊन ते पडद्याला नाक लावून उभे राहिले. दाणा होता! बारीक, ठसठशीत, एकसारखा! कडांना कमी, पण मध्यभागी, नायिकेचा चेहरा जवळून दिसायचा तिथे, नुसती बहार! त्यांनी तो मोजलासुद्धा. त्या दिवशी त्यांनी ग्रुपवर जे परीक्षण लिहिलं, ते वाचून सत्तर जणांनी तासाभरात डिस्क मागवली. 'दोन महिन्यांपासून मी बघतोय,' त्यांनी शेवटी लिहिलं होतं, 'कंपन्या सुधारत आहेत. प्रत्येक डिस्कमध्ये दाणा परत येतो आहे. आपल्या लढ्याला यश आलं!'

चौथ्या दिवशी 'शेवटची रांग' नावाच्या एका सभासदाने भीत भीत लिहिलं, 'सर, माझी डिस्क आली. मला दाणा कुठेच दिसला नाही. चेहरे मेणासारखे वाटले. माझंच काही चुकतंय का?'

हा शेवटची रांग म्हणजे गरीब गाय. वर्षातून दोनदा बोलायचा, तेही 'आभारी आहे' एवढंच. पण त्या दिवशी गरुडनेत्रांचा पारा चढला. स्वतःचा चौथा नियम गुंडाळून ठेवून त्यांनी उत्तर ठोकलं, 'आधी टीव्हीची काच पुसा, मग बोला!'

दोनशे लोक हसले. शेवटची रांगने दहा मिनिटांनी लिहिलं, 'पुसली सर. तरी नाही.'

मग हळूहळू बाकीच्यांच्याही डिस्क पोचल्या. कोणालाच दाणा दिसेना! ग्रुपमध्ये दाणेवाले आणि मेणवाले असे दोन तट पडले. गरुडनेत्रांनी सगळ्यांना टीव्हीची सेटिंग बदलायला लावली. एकाने इतकी बदलली की त्याचा टीव्ही परक्या भाषेत बोलायला लागला, तो काही मूळ भाषेवर येईना! तेवढ्यात शेवटची रांगने पुन्हा हळूच विचारलं, 'सर, खरा दाणा तर फिल्मच्या प्रत्येक चौकटीत वेगळा असतो ना? म्हणजे तो सारखा नाचल्यासारखा दिसतो. तुमचा हलतो का?'

गरुडनेत्रांनी जाऊन बघितलं. दाणा जागचा हलत नव्हता. पण बावीस वर्षांचा अनुभव उगीच नव्हता! त्यांनी ताबडतोब लिहिलं, 'हलका दाणा हलतो. अस्सल दाणा स्थिर असतो!'

मध्यांतरबाईंनी शिक्षिकेच्या सुरात लिहिलं, 'गरुडनेत्र, हातच्या कांकणाला आरसा कशाला? रविवारी अकरा वाजता मोबाइलवरून सगळ्यांना थेट दाखवा. मग मतदान घेऊ.'

"दाखवतोच!" गरुडनेत्र घरात मोठ्याने म्हणाले. "रविवारी आपल्या घरी तीनशे लोक येणार आहेत!"

बायकोच्या हातातला पेला निसटता निसटता राहिला. "तीनशे? बसवणार कुठे त्यांना?"

"मोबाइलवरून गं! फक्त हॉल बघतील."

"फक्त हॉल म्हणे," बायको म्हणाली आणि तिने पदर खोचला.

रविवारी अकराला पाच मिनिटं असताना गरुडनेत्र इस्त्रीचा शर्ट घालून, भाषणाच्या पावत्या खिशात घालून हॉलमध्ये आले. हॉल लख्ख होता. त्यांनी मोबाइल स्टँडवर लावला. तीनशे बारा लोक हजर झाले. सगळ्यात शेवटी शेवटची रांगही आला.

"मित्रहो," गरुडनेत्र म्हणाले, "आज दूध का दूध आणि पानी का पानी होईल! नायिकेच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या. हा पाहा दाणा!"

नायिका पडद्यावर आली. गुळगुळीत. गालावरून माशी घसरावी इतकी गुळगुळीत!

गरुडनेत्रांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. भिंग लावलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, शेवटी गुडघ्यावर बसून खालून बघितलं. तीनशे बारा लोक त्यांची पाठ बघत होते.

"डिस्क जरा गार आहे," ते घाम पुसत म्हणाले. "तापली की दाणा वर येतो."

"भाताची शितं आहेत का ती, वर यायला?" कोणीतरी विचारलं.

"दाणा होता हो इथे! कालपर्यंत होता!" त्यांचा आवाज आता चिरकला. "माझा दाणा कुठे गेला?"

"अरे, फडताळात खालच्या फळीवर आहेत!" आतून आई ओरडली. "पण सोललेले नाहीत हं!"

मोबाइलमधून हशाचा लोंढा आला. तो ऐकून बायको हात पुसत बाहेर आली. "काय हरवलं?"

"दाणा! पडद्यावरचे ठिपके! इथे, या मधल्या भागात होते ते!"

"ते होय!" बायको म्हणाली. तिचा चेहरा एकदम खुलला, कारण सकाळपासून केलेल्या कष्टाची कोणीतरी दखल घेतली होती. "अहो, ते मी काढले की आज! कसला चिकट थर होता! चार फडकी काळी झाली. माझ्या केसांच्या स्प्रेचे शिंतोडे ते."

तीनशे बारा लोक आपापल्या मोबाइलजवळ सरकले.

"तू टीव्हीसमोर स्प्रे मारतेस?" गरुडनेत्रांनी कसंबसं विचारलं.

"मग कुठे मारू? हॉटेलच्या काउंटरवर उभं राहायचं म्हणजे एक केस हलून चालत नाही. इथे समोर आरसा होता माझा. त्याची तिरीप टीव्हीवर येते, चित्र बिघडतं, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच काढायला लावलात ना? बंद टीव्हीत बरं दिसतं तोंड. रोज सकाळी तिथेच उभी राहते मी."

दोन महिने! गरुडनेत्रांना स्वतःचंच वाक्य आठवलं. दुर्दैवाने ते मध्यांतरबाईंनाही आठवलं. दोन महिन्यांतली सगळी परीक्षणं त्यांनी तिथल्या तिथे वाचून दाखवली. त्यात गेल्या महिन्यातल्या लहान मुलांच्या कार्टूनमधला 'मनोहारी दाणा'सुद्धा होता.

गरुडनेत्रांना वाटलं, मोबाइल बंद करावा आणि नेट गेलं म्हणावं. बोट बटणापर्यंत गेलंही. पण समोरच्या चौकटींमध्ये शेवटची रांगचा चेहरा त्यांना पहिल्यांदाच दिसला. साठीचा, टक्कल पडलेला माणूस, हातात अजून पिवळं फडकं धरून बसलेला. बिचारा इतके दिवस काच पुसत होता! गरुडनेत्रांना खरोखर लाज वाटली.

त्यांनी घसा खाकरला. "सातवा नियम," ते म्हणाले आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या नावाने लिहिलं, 'गरुडनेत्र, आधी टीव्हीची काच पुसा, मग बोला!' मग शेवटची रांगकडे बघून म्हणाले, "चुकलो, दादा. मनापासून माफी मागतो."

"असू द्या हो," शेवटची रांग म्हणाला. "काच स्वच्छ झाली, माझी आणि तुमचीही."

दुपारी मतदान झालं. गरुडनेत्रांना एकूण तीन मतं पडली, त्यातलं एक त्यांचं स्वतःचं. दोनशे सत्याण्णव मतांनी पंचपदावर निवडून आल्या त्या सभासदांनी ऐनवेळी उभ्या केलेल्या 'वहिनी', म्हणजे गरुडनेत्रांची बायको! संध्याकाळच्या आत त्या ग्रुपवर दाखल झाल्या आणि बारावा नियम जाहीर झाला, 'बायकोचा आरसा परत लावावा.' गरुडनेत्रांनी निमूटपणे खिळा ठोकला.

डिस्कचं काय झालं म्हणता? त्या दिवशी गरुडनेत्रांनी ती पुन्हा लावली. मेण! शुद्ध मेण! बघवेना. तेवढ्यात शेवटची रांगचा खासगी निरोप आला, 'सर, रागावू नका. पण तुम्ही ग्रुपवर टाकलेल्या टीव्हीच्या जुन्या फोटोंत चित्र फार सुंदर दिसायचं हो. तो स्प्रे कोणता? आणि किती अंतरावरून मारायचा?'

गरुडनेत्रांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. आत वहिनी भांडी लावत होत्या. गरुडनेत्रांनी कपाटातली स्प्रेची बाटली हळूच काढली, टीव्हीसमोर उभं राहून अंतर नजरेने मोजलं, एकच फवारा मारला, भिंग लावून बघितलं आणि उत्तर लिहिलं, 'हातभर. एकच फवारा. कार्टूनला अर्धा.'

दोन महिन्यांत त्यांनी मांडलेलं हे एकच मत होतं, ज्यावर कोणीही हरकत घेतली नाही. रोजच्या फवाऱ्याने बाटली अर्धी झाल्याचं कळल्यावर पंचबाईंनी हरकत घेतली, ती गोष्ट वेगळी!