ताव मारणे : वाक्यात उपयोग

"बाई, हेडसरांनी आठवीच्या वह्या मागवल्यात," असे म्हणून शिपाईकाका एकतीस वह्यांचा गठ्ठा घेऊन लंगडत निघूनही गेले. मग बाईंना आठवले, की त्या वह्यांत काय आहे, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

बाई शाळेत वर्षभर तात्पुरत्या होत्या. त्यांना कायम करायचे की घरी पाठवायचे, याचा अहवाल हेडसर आज लिहिणार होते.

चूक बाईंचीच होती. वाक्प्रचार शिकवताना त्या म्हणाल्या होत्या, "वाक्यात पुस्तकातली माणसं नकोत. ओळखीची घ्या." एवढ्याशा गावात एकतीसही जणांच्या ओळखीचा माणूस एकच निघाला. त्यात बाईंना तपासताना लाल शाईने शेरे मारायची हौस.

बाई हेडसरांच्या खोलीत पोचल्या तेव्हा वाचन सुरू झाले होते.

"'नळ गळायला लागला तेव्हा हेडसरांनी काखा वर केल्या.' खाली तुमचा शेरा, 'सुंदर चित्र उभे केलेस.'"

"सर, ते शैलीबद्दल होतं."

"'दुपारी हेडसर डोळ्यांवर कातडे ओढून घोरतात.' शेरा, 'अर्थ चुकला, पण वर्णन हुबेहूब.'"

"अर्थ चुकलाय, हे लिहिलंय ना सर मी."

हेडसरांनी पान उलटले आणि ते थबकले. ही वही पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीची होती. त्यांनी उठून दार लावून घेतले. बाई मनातल्या मनात सामान बांधू लागल्या.

"'हेडसरांनी पाहुण्यांच्या बिस्किटांवर ताव मारला,'" हेडसर हळू आवाजात म्हणाले. "शेरा, 'शाब्बास! आणखी पुरावे दे.'"

"पुरावे नाही सर, उदाहरणं म्हणायचं होतं. घाईत चुकून..."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

बाईंना काहीच माहीत नव्हते. पण नोकरी जाणारच म्हटल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, आणि हेडसरांना ती शांतता फार अर्थपूर्ण वाटली.

पाहुण्यांच्या बिस्किटांचा डबा महिन्यापूर्वी रिकामा सापडला होता. हेडसरांनी 'उंदरांचा सुळसुळाट' अशी सूचना काढून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या, शिक्षकांच्या खोलीत दोन सापळे लावले होते, आणि त्यांत आजवर फक्त शिपाईकाकांच्या पायाचा अंगठा सापडला होता.

"चहाबरोबर एकच घेतलं होतं हो," हेडसर कळवळून म्हणाले. "मग डबा उघडाच होता. आपल्या दोघांतच राहू दे." आणि त्यांनी अहवालावर 'कायम करावे' लिहून सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात अक्षरशः तरंगत आल्या. फळ्यावर त्यांनी टपोऱ्या अक्षरांत लिहिले, 'जीव भांड्यात पडणे.'

"वाक्यात उपयोग करा. आणि ऐका, ओळखीची माणसं अजिबात नकोत!"

पहिल्या बाकावरून चष्मा वर झाला.

"बाई, भांड्याऐवजी डबा चालेल? बिस्किटांचा?"