पोळ्यांचं काम कुणाकडे गेलं?

"पोळ्या कोण करतंय ते एकदा नीट सांग मला," मृणालिनीबाई मुलाला म्हणाल्या. रविवार, दुपारच्या जेवणाला होणाऱ्या सुनेचे, ऋतिकाचे, आईवडील पहिल्यांदाच सांताक्रूझला येणार होते, आणि घरात वरणभाताशिवाय काहीच तयार नव्हतं.

"अगं, प्रोग्रॅमने वाटून दिलंय सगळं. होईल ना!" अनय म्हणाला. पण आवाज जरा बारीकच होता.

अनय अंधेरीच्या एका कंपनीत शेड्युलर लिहायचा. शेड्युलर म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला मुकादम. कुठलं काम कुठल्या प्रोसेसरने करायचं ते तो ठरवतो. त्यांच्या नव्या मशीनमध्ये काही भाग असे होते की तिथे नुसती मेमरी, प्रोसेसर एकही नाही. सामानाने भरलेली कोठी, पण आचारीच नाही. अनयच्या मुकादमाचा नियम साधा होता: जिथे सामान, तिथे काम. त्यामुळे कामं त्या कोठीच्या दारात जाऊन ताटकळत बसायची आणि अनयचे साहेब त्याच्या डोक्यावर.

असं असूनही या गृहस्थाने घरच्या जेवणाची वाटणी त्याच प्रोग्रॅमला सांगितली. नातेवाइकांचे पत्ते, फोन, कुणाकडे कुठली भांडी, सगळं त्यात भरलं. निघालं काय, तर पुरणपोळ्या नंदूकाकांच्या दहिसरच्या फ्लॅटकडे! कारण पुरणयंत्र, मोठं पितळी पातेलं, परात, सगळं तिथे. नंदूकाका मात्र गेल्या वर्षापासून देवगडला. फ्लॅटला कुलूप.

"पुरण काय कपाट वाटणार आहे का रे?" आई काल रात्री म्हणाली होती. तेव्हा अनय टाळी वाजवून उठला. ऑफिसचा गोंधळ तो हाच! त्याने नियमात एक ओळ घातली: जिथे सामान आहे पण हात नाहीत, तिथलं काम सगळ्यात जवळच्या हातांना द्यायचं. प्रोग्रॅमने आपणहून मेसेज पाठवला, पलीकडून "हो" आलं, आणि अनय निवांत झोपला. बोरिवलीची कुंदामावशी करेल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

आता आईने मावशीला फोन लावला.

"कसल्या पोळ्या? मला फक्त कोशिंबीर आलीय!" कुंदामावशीचा आवाज खोलीभर ऐकू आला.

अनयने लॅपटॉप उघडला आणि पोळ्यांसमोरचं नाव वाचलं. नंदूकाकांच्या फ्लॅटपासून दोन गल्ल्यांवर राहत होत्या अनुपमाबाई. ऋतिकाची आई! जेवणाची वेळ कळावी म्हणून पाहुण्यांचे नंबरही त्याने त्याच यादीत टाकले होते.

"काय पाठवलंस त्यांना? वाच," आई म्हणाली.

"'पुरणपोळ्या, चाळीस. फ्लॅटची किल्ली शेजारच्या शेवंतीबाईंकडे. एक वाजता सांताक्रूझला पोचवणे. उशीर चालणार नाही.'"

"वाट लागली! विहीणबाई पहिल्यांदा घरी येतायत आणि आपण त्यांना पोळ्या लाटायला बसवलं! 'कृपया' तरी घालायचंस रे!"

अनयने ऋतिकाला फोन केला. तिने उचलला नाही. पुन्हा केला, तेव्हा कट झाला. लग्न मोडलं, हे त्याने गृहीतच धरलं. तीन वर्षं जपलेलं माणूस एका ओळीच्या कोडमुळे जाणार, या विचाराने त्याला खरोखर रडू यायला लागलं. मिठाई मागवावी का, पाया पडावं का, की खरं सांगून टाकावं, यावर मायलेकांचं भांडण चालू असतानाच बेल वाजली.

दारात अनुपमाबाई. हातात भलामोठा डबा, कोपराला पीठ. मागे ऋतिकाचे वडील नंदूकाकांचं पितळी पातेलं पोटाशी धरून उभे.

"उशीर नाही ना झाला?" अनुपमाबाईंनी धापा टाकत विचारलं. "आमच्याकडे ही पद्धत नाही हो. पण म्हटलं, तुमच्या घराण्यात असेल, मुलीच्या आईने पोळ्या आणायची. विचारलं तर उगाच वाईट दिसायचं."

अनयने तोंड उघडलं, पण आई पुढे सरसावली. "हो ना! फार जुनी पद्धत आहे आमची."

ऋतिका सगळ्यांत शेवटी आत आली. तीही त्याच धंद्यातली. टेबलावरच्या उघड्या लॅपटॉपवर तिची नजर गेली, आणि तिने वरपासून खालपर्यंत यादी वाचली. तिला सगळं कळलं, हे अनयला तिच्या भुवयांवरून कळलं.

"काकू," ती गोड आवाजात म्हणाली, "पद्धतीत मुलीच्या आईने पोळ्या करायच्या. मग मुलाने काय करायचं? यादीत अनयचं नावच दिसत नाहीये."

मृणालिनीबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो स्वयंपाकघराच्या दारातच उभा होता, सिंकच्या सगळ्यात जवळ.

"मुलगा भांडी घासतो," त्या म्हणाल्या.

जेवणं झाली. पोळ्या उत्तम झाल्या होत्या. अनय चिंच घेऊन नंदूकाकांचं पातेलं घासत होता आणि बाहेर अनुपमाबाई बहिणीला फोनवर सांगत होत्या, "अगं, घराणं फार छान आहे. त्यांच्यात पद्धतच आहे, जेवणानंतर भांडी मुलगा घासतो. आयुष्यभर!"