कडक शिसाचे नाना

नाना पेन्सिल घ्यायला गेले की आधी दुकानदाराच्या मिशीतला एक केस निवडतात.

खोटं नाही सांगत. जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी किशोरभाऊचं स्टेशनरीचं दुकान आहे आणि त्याला चिकटून माझं मोबाइल रिपेअरिंगचं. त्यामुळे हा खेळ मी कायम फुकटात बघतो. नाना येतात, रंगीत पेन्सिलींचा डबा उघडायला लावतात, त्यातली काळी उचलतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि म्हणतात, "किशोर, हलू नको." किशोरभाऊचा गल्ल्यावर पुतळा होतो. मागे गिऱ्हाईक ताटकळत. नाना त्याच्या मिशीतला एकच केस हेरतात आणि तो कागदावर काढतात. मग कागद मिशीशेजारी धरून दोन्हीकडे बघतात. कागदावरचा केस जाड निघाला की पेन्सिल नापास.

"हा दोरखंड आहे. केस कुठाय?"

पास झाली तरी सुटका नाही. मग पेन्सिल मागून बघायची, शिसं बरोबर लाकडाच्या मधोमध आहे का. मग काचेवर घरंगळवायची, वाकडी तर नाही ना. मग पुन्हा टोक न काढता पानभर रेघा मारायच्या आणि शेवटची रेघ पहिलीइतकीच बारीक आली का ते बघायचं. एवढं झालं की नाना मान हलवतात. "टोक बोलतंय," म्हणतात. हे त्यांचं सर्टिफिकेट.

नव्या पोऱ्याने एकदा सांगायचा प्रयत्न केला होता, "नाना, या बघा ना, एकदम मऊ, लोण्यासारख्या."

"लोणी भाकरीवर लाव. आणि मे महिन्यात ये, तुला दाखवतो तुझं लोणी. जळगावच्या उन्हात मऊ पेन्सिल खिशात ठेवली तर शर्टावर चित्र निघतं."

स्वतःच्या कडक पेन्सिलीसुद्धा नाना उन्हाळ्यात माठाशेजारी ठेवतात. पाहुण्यांना आधी पाणी, मग पेन्सिली दाखवतात. कधी कधी पाणी राहून जातं.

नाना मूळचे सोनगीरचे, आता इथे एकटेच राहतात. नोकरी सगळी दीपनगरला झाली, पॉवर हाऊसच्या पाइपांचे नकाशे काढण्यात. "तिथं रेघ जाड झाली तर दोन पाइप एकात जातात," असं ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याने दचकून बाजूला व्हावं. एरवी बोलणं शहरी मराठी, पण चिडले किंवा मनातलं बोलले की अहिराणी सुटते. आणि नानांना चिडायला फार काही लागत नाही. जाड रेघ पुरते.

माणसंसुद्धा ते शिशावरून ओळखतात. आमच्या गल्लीत एका मुलीला स्थळ आलं, तर तिच्या वडिलांनी कौतुकाने मुलाचा फोटो नानांना दाखवला. नाना बराच वेळ बघून म्हणाले, "मुलगा चांगला शे. पण मऊ शिसाचा. रंग छान भरेल, टोक राहणार नाही." लग्न झालं. जावई खरंच गोड निघाला आणि बायको सांगेल त्याला हो म्हणतो. सासरे म्हणतात नानांनी शाप दिला, मुलगी म्हणते आशीर्वाद दिला.

आता कडक पेन्सिलीचा एक गुण आहे. ती रंग कमी सोडते, पण सांगितलं तिथेच सोडते. त्यामुळे नाना चित्र काढायला बसले की जे आहे ते सगळं येतं. काहीच सुटत नाही. यावलला माझ्या मामाची केळीची बाग आहे. त्याने खोक्यावर छापायला केळीच्या घडाचं चित्र मागितलं. नानांनी असा घड काढला की हात लावून बघावं. फक्त त्यात प्रत्येक केळावरचा काळा ठिपका होता.

मामा म्हणाला, "नाना, चित्र झकास आहे, पण तेवढे डाग काढून टाका."

"आधी बागेतून काढ. मग मी कागदावरून काढतो."

आणि माझी मावशी. तिच्या लग्नाच्या वाढदिवसाला काकांनी हौसेने नानांकडून तिचं चित्र काढून घेतलं. मावशीने ते सगळ्यांसमोर उघडलं आणि शांतपणे विचारलं, "मला मिशा कुठून आल्या?"

नाना तितक्याच शांतपणे म्हणाले, "मी नाही आणल्या. होत्या."

त्या वर्षी मावशीचे पापड सगळ्या गल्लीत गेले, नानांकडे गेले नाहीत. चित्र मात्र काकांनी हॉलमध्ये लावलंय. म्हणतात, फोटोत ती कुणीही वाटते, यात तीच आहे.

नानांसमोर टिकणारा गल्लीत एकच माणूस. रशीदचाचा. चाचा पेंटर. केळीच्या ट्रकांच्या पाठीवर मोर काढण्यात त्यांची हयात गेली. जाड ब्रश, भडक निळा, मोठा पिसारा. संध्याकाळी दोघं माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसायचे आणि मला मोबाइल उघडणं मुश्कील व्हायचं.

"नाना, तेरी लाईन देखने को दुर्बीण लगती. मेरा मोर फाटेपे खडा आदमी देखता."

"मोर? मले ते वांगं वाटनं."

"तेरे दिमाग में भरीत भरा है, इसलिए."

"तुझा ब्रश आहे का केरसुणी?"

"केरसुणी से भी घर साफ होता. तेरी सुई से क्या होता? मिशा."

हे रोज. जिंकायचं कोणीच नाही. चहा आला की दोघं एकाच बशीत अर्धा अर्धा घ्यायचे आणि बशी कोणी उचलायची यावर पुन्हा भांडायचे.

गेल्या हिवाळ्यात चाचांना लकवा मारून गेला. जीव वाचला, बोलणंही आलं, पण उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले हात चालता ठेवा, काहीही करा, पण हाताला काम द्या. नाही तर तो राहील तसाच.

नाना त्याच दिवशी निघाले. माठाशेजारून आपल्या सगळ्यात चांगल्या पेन्सिली काढल्या. किशोरभाऊच्या मिशीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झालेल्या. त्यांना ते कोणाला हात लावू देत नाहीत. चाचांच्या खाटेशी बसून त्यांनी एक त्यांच्या बोटांत दिली आणि म्हणाले, "काढ तुझं वांगं."

चाचांनी जोर लावला. कपाळावर घाम आला. कागदावर काहीच नाही. पुन्हा लावला. अगदी निरखून बघितलं तर एक फिकट ओरखडा, बस.

चाचांनी पेन्सिल खाली ठेवली. "नाना, कागज कोरा है. मेरा हाथ गया." आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर त्यांनी हात हलवणंच सोडलं. नाना गेले की चाची दारातूनच सांगायच्या, "सो रहे हैं भाई." दुपारीही सो रहे हैं, संध्याकाळीही.

नाना एकटेच बाकड्यावर बसू लागले. भांडायला कोणी नाही म्हणून माझ्या दुकानावरच्या जाहिरातीतल्या हिरॉइनशी भांडायचे, तिच्या भुवया जाड आहेत म्हणून. किशोरभाऊकडे जाणंही बंद. किशोरभाऊ मला हळूच म्हणाला, "मिशी वाढली रे माझी. कोणी बघत नाही."

मग एक दिवस नाना बाकड्यावर बसून डाव्या हाताने रेघा मारायला लागले. मला वाटलं, आता यांचंही काहीतरी झालं. दोन बोटांत पेन्सिल ढिली धरायची आणि ओढायची. कागद कोराच. पुन्हा ओढायची. कोराच. बराच वेळ त्या कोऱ्या कागदाकडे बघत बसले.

"त्याना हात नही गया," स्वतःशीच बोलले. "जोर दिल्याशिवाय ही कडक पेन्सिल रंग सोडतच नाही. जोर असता तर तो खाटेवर कशाला असता? मी मूर्ख."

उठले आणि तडक शेजारी.

"किशोर, पेन्सिली दे."

किशोरभाऊने खुशीत मिशीवरून हात फिरवला आणि त्याचा पुतळा झाला.

"मिशी राहू दे. सगळ्यात मऊ कोणत्या आहेत?"

किशोरभाऊ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "नाना, बसता का? पाणी देऊ?"

"मऊ. बोट लावलं तरी रंग लागेल अशा. पोरांच्या."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. नानांनी एकेक पेन्सिल कागदावर नुसती टेकवली, ढकलली नाही. जी टेकवल्याबरोबर रंग सांडेल ती बाजूला. आयुष्यभर ज्यांना नापास केलं त्या सगळ्या त्या दिवशी पास झाल्या. मग माझ्याकडे वळले. "शटर ओढ. तू चल. मी एकटा गेलो तर तो झोपलेलाच असेल."

चाचांच्या खिडकीखाली उभं राहून मी एका ट्रकवाल्या शेठचा आवाज काढला. पानाने भरलेलं तोंड, वरची पट्टी. "ओ पेंटर, तेरे मोर की पूँछ तो चोपडा पहुँचने से पहले उड गयी."

आतून आवाज आला, "किस की हिम्मत हुई बोलने की?"

"जागे आहेत," मी चाचींना म्हटलं. चाचींनी पदर तोंडाला लावून दार उघडलं.

चाचांनी नानांना बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले. नानांनी पेन्सिल पुढे केली नाही. खाटेशेजारी जमिनीवर फतकल मारली, कागद घेतला आणि स्वतःच मोर काढायला लागले.

आता नानांचा अंगठा म्हणजे पाइपांच्या नकाशांवर जोर देऊन कमावलेला अंगठा. मऊ पेन्सिल त्याखाली कटकन मोडली. दुसरी घेतली, ती पसरली. मोराची मान त्याच्या पोटात गेली. तळहात निळा झाला, तो कपाळाला लागला, कपाळ निळं झालं. मला आजही कळलं नाही, नाना मुद्दाम वाईट काढत होते का त्यांना जमतच नव्हतं.

भिंतीकडून एक डोळा इकडे आला.

"ये क्या है?"

"मोर."

"बुखार है इसको?"

"तू नको बघू. झोप."

"मान किधर है इसकी?" चाचा कोपरावर आले. "अरे, उलटा पकडा तूने. इधर दे. तेरे बाप ने देखा था मोर?"

नानांनी पेन्सिल दिली. चाचांनी रागाच्या भरात ती नेमकी उजव्या हातात घेतली. बोटं थरथरली, पेन्सिल कागदावर नुसती पडली, घसरली, आणि निळी रेघ उमटली. जाड, वाकडी, मध्ये तुटलेली. पण निळी.

चाचांनी रेघेकडे बघितलं. मग हाताकडे. मग पुन्हा एक ओढली.

"ये कौनसी पेन्सिल है?"

नाना म्हणाले, "मऊ."

"तूने खरीदी?"

"हो."

"दुकान में? सब के सामने?"

"किशोर होता. अजून दोघं होते."

चाचा हसायला लागले. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण हसणं पूर्ण होतं. इतकं की खाट करकरायला लागली आणि चाची पदराने डोळे पुसत चहा टाकायला आत गेल्या. "दो लोग थे," चाचा मला सांगत होते, "दो लोग देख रहे थे, और ये मऊ पेन्सिल ले रहा था." पुन्हा हसायचे. नाना निळ्या कपाळाने ऐकत होते.

तासाभराने निघालो तेव्हा मोराला तीन पिसं झाली होती.

परतताना मी न राहवून नानांचाच आवाज काढला. "मऊ म्हणजे पोराटोरांचा खेळ. रंग कोणीही सांडेल." मला वाटलं, आता खाईन एक. नाना रागावले नाहीत.

"नाना, किशोरभाऊ आता सगळ्या गल्लीला सांगेल. तोंड दाखवायची सोय नाही राहिली तुम्हाला."

"सांगू दे." थोडं चालून म्हणाले, "भांडाले मानूस लागस भो. बाकी बठ्ठा लोक नुसता नमस्कारच करतस."

त्यांच्या घरापर्यंत आलो होतो. नानांनी खिशातून किल्ली काढली, बाहेरचं कुलूप उघडलं, आत हात घालून आधी दिवा लावला आणि मग आत गेले.