चालता मांडव

ज्याच्यावर आपला जीव आहे त्याचे रक्षण करावे, हा धर्म सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते रक्षण कोठवर करावे आणि कोठे हात आवरावा, याचे माप कोणी सांगून ठेवलेले नाही. म्हणून मायेची माणसे बहुधा थोडी पुढे जातात. सावली तालुक्यातील एका लहानशा गावी, गेल्या आषाढात, अशीच काही मायेची माणसे थोडी पुढे गेली. त्यांत दुष्ट असा कोणीच नव्हता, हीच त्या दिवसाची खरी अडचण होती.

मनसारामजींचे वय चौसष्ट. आदल्या वर्षी धानाच्या चिखलणीत भिजून त्यांच्या छातीत कफ साचला, ताप मेंदूपर्यंत चढला आणि गडचिरोलीच्या इस्पितळात त्यांना अठरा दिवस काढावे लागले. घरी पाठवताना डॉक्टरांनी एवढेच सांगितले होते की, छाती भिजू देऊ नका. या वर्षी तर नऊ दिवस झड लागलेली. सूर्य कसा दिसतो हे गाव विसरून गेले होते. चूल पेटत नव्हती, भिंतींना ओल चढली होती आणि गोठ्यातली जनावरेसुद्धा मान खाली घालून उभी असत.

धानाच्या खाचराला तिकडे बांधी म्हणतात आणि लावणीला रोवणा. वरच्या सगळ्या बांध्यांचा रोवणा उरकला होता. उरली होती ती एकटी खालची बांधी. घरच्या वर्षभराच्या भाताची. तिच्यासाठी राखलेले पऱ्हे चाळीस दिवसांचे झाले होते, त्या रोपांना कांड्या धरू लागल्या होत्या; आणखी थांबले तर ती लागली नसती. रोवणाऱ्या बायांची टोळी गिरजाबाईंची, आणि त्या टोळीने दिलेला शब्द फक्त त्या एका दिवसाचा. दुसऱ्या दिवशी बाया वैनगंगेपलीकडे जाणार होत्या. चिखलणीचा पॉवर टिलर घरचा होता, पण तो चालवणारे भाड्याचे सगळे गडी गुंतलेले, म्हणजे पावसात मनसारामजींनाच उतरणे भाग होते. चिखल आज झाला तर रोवणा होणार होता, नाही तर ती बांधी वर्षभर तशीच राहणार होती.

या पेचावर त्यांच्या मुलाने, प्रफुलने, तोड काढली. तो माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवतो. त्याने मोबाईलवर शोधून एक वस्तू मागवली आणि ती मोठ्या खोक्यातून परस्पर गावी आली. खोक्यावर चित्र होते. चालत चालत ढकलायचे एक यंत्र, त्याच्यामागे काचेसारख्या प्लास्टिकच्या खोलीत उभा असलेला गोरा माणूस आणि सभोवार पांढरेशुभ्र काही तरी.

मनसारामजींच्या पत्नी रुखमाबाई यांनी ते चित्र बराच वेळ न्याहाळले. “हा मानूस कापसात काऊन उभा हाय?”

“कापूस नोहे थो. मीठ असन,” मनसारामजी म्हणाले.

शेवटी प्रफुललाच फोन लावला. “बाबा, थो बर्फ हाय, बर्फ! थंडीच्या देशात आंगनातला बर्फ हटवाची मशीन असते. मानूस मांगं चालते. त्याले वारा लागू नये म्हनून हे केबिन. आपल्या टिलरच्या दांड्याले बरोब्बर बसते, म्या मापं पाहूनच मांगवलं.”

“आपल्या इथी बर्फ कुठी पडते रे?”

“पानी तं पडते ना! बाबा, मी डंपरच्या केबिनीत सुका बसतो, आन तुमी मागच्या साली...” वाक्य तेथेच टाकून तो म्हणाला, “घाला तुमी थे.”

अशा स्वरात मुलाने काही सांगितले की बापाला नाही म्हणता येत नाही.

त्या वेष्टनाला चार नळ्यांचा सांगाडा होता, वर कापडाचे छत आणि समोर व दोन्ही बाजूंना आरपार दिसणारे प्लास्टिक. पाठ मात्र सबंध उघडी. ज्याने ते घडवले त्याने ती उघडी का ठेवली असावी, हा प्रश्न त्या घरात कोणालाच पडला नाही. मागूनही पाऊस येतो, एवढेच रुखमाबाईंना दिसले. त्यांनी खताची दोन पोती उसवली, जोडून पडदा केला, आणि त्या दिवशी सकाळी बांधीच्या धुऱ्यावर, त्या कडेच्या बांधावर, मनसारामजी आत उभे राहिल्यावर, दाभणात सुतळी ओवून बाहेरून टाके घालायला सुरुवात केली.

“अवो, पोतं शिवून राह्यली का मानूस?” आतून आवाज आला.

“हालू नका. दाभन लागन.”

“आन मले बाहेर निंगाचं असलं तं?”

“कायले निंगता? दुपारी मी जेवन घेऊन येतो, मंग उसवतो.” त्यांनी शेवटची गाठ दातांनी घट्ट केली, पडद्यावरून हात फिरवला आणि तीस वर्षांत प्रथमच निश्चिंत मनाने त्या घराकडे वळल्या.

मनसारामजींनी टिलर बांधीत उतरवला. पहिले दोन फेरे उत्तम झाले. छतावर पाऊस वाजत होता आणि अंगाला थेंब शिवत नव्हता. मुलाच्या अभिमानाने त्यांनी छातीही थोडी पुढे काढली. तिसऱ्या फेऱ्यात त्यांना उकडू लागले. यंत्राची धग आत येत होती. त्यांचा श्वास बाहेर जात नव्हता. समोरचे प्लास्टिक धुरकट झाले. त्यांनी दुपट्ट्याने पुसले. ते पुन्हा धुरकटले. चौथ्या फेऱ्यात दुपट्टा पिळून घाम काढावा लागला. मग त्यांनी पाहण्याचा नाद सोडला आणि पावले मोजायला घेतली. साठ पावले सरळ, मग वळण, पुन्हा साठ.

वरच्या कोपऱ्यात बाया पऱ्ह्यांच्या पेंड्या सोडत होत्या. टोळीतली सर्वांत लहान आचल, तिने ताठ होऊन पाहिले आणि ओरडली, “गिरजाकाकू, पाहा वो! मांडव चालून राह्यला!”

गिरजाबाईंनी कपाळावर हात धरला. “मनसाराम भाऊ होयत थे! मांडवासकट निंगाले. कोन्या गावची नवरी पाह्यली जी भाऊ?”

त्या भागात एक रीत आहे. रोवण्याच्या दिवसांत बांधीत नवा जावई आला तर बाया त्याची वाट अडवतात, त्याला चिखल लावतात आणि खाऊ कबूल केल्याखेरीज सोडत नाहीत. नऊ दिवस ओल्या अंगाने वाकलेल्या त्या बायांना हसायला निमित्त हवेच होते, आणि नवरदेव तर मांडव घेऊन स्वतः चालत आला होता. अकरा बायांनी टिलरला वेढा घातला. मनसारामजींनी यंत्र जागेवर थांबवले, पण त्याची धडधड चालूच होती.

“गूळ-पोहे द्या, नाई तं वाट नाई!” म्हणत गिरजाबाईंनी दोन्ही ओंजळी भरून चिखल घेतला आणि समोरच्या प्लास्टिकला हळदीसारखा माखला. आचलने डावी बाजू घेतली, इतरांनी उजवी.

“अवो, दिसत नाई मले!” मनसारामजी आतून ओरडले.

“काय म्हंते?” आचलने विचारले.

“देतो म्हंते,” गिरजाबाईंनी उत्तर दिले, आणि हसत हसत बाया आपल्या कोपऱ्यात परतल्या.

मनसारामजींनी मागचा पडदा चाचपून पाहिला. रुखमाबाईंच्या टाक्यांत बोटही शिरत नव्हते. थांबावे तर त्यांच्या जेवणापर्यंत दीड तास त्या भट्टीत उभे राहायचे, आणि तोवर दिवस हातचा जायचा. पाऊस चिखल धुऊन काढील, अशी त्यांना आशा वाटली. झडीचा तो बारीक पाऊस. त्याने चिखल धुतला नाही, नीट सारवून दिला. तेव्हा पावले मोजायची होती तशीच मोजू, असे म्हणून त्यांनी टिलर पुढे घातला. एकोणतिसाव्या पावलाला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर आकडा कितीवर होता हे काही केल्या आठवेना. त्यांनी अंदाजाने पंचेचाळीस धरले आणि पंधरा पावलांनी वळले.

तेथेच घात झाला. खालच्या धुऱ्याला पाणी काढण्यासाठी पाडलेले खांड होते. रात्रीच्या पुराने ते वाहून चांगली गाडीवाट झाली होती. टिलर त्यातून अलगद पलीकडच्या बांधीत उतरला. ती लहानशी बांधी गिरजाबाईंची. त्या विधवा बाईंजवळ जमीन म्हणून तेवढीच होती, आणि दिवसभर दुसऱ्यांचा रोवणा करून त्यांनी चार संध्याकाळी एकटीने ती लावून काढली होती. मनसारामजींच्या पायांना फरक कळला नाही. चिखल तिकडेही तसाच मऊ होता.

मागून बायांचा कालवा उठला. “भाऊ, थांबा! थांबा जी! काकूचा रोवना!” यंत्राच्या आवाजातून तो मनसारामजींच्या कानी सुराच्या रूपाने पोहोचला. बाया गाणे म्हणू लागल्या म्हणजे काम रंगात आले, असे समजून त्यांना हुरूप आला आणि त्यांनी वेग वाढवला. बाया जितक्या ओरडत, तितका टिलर पळे, आणि फिरत्या पात्यांच्या आडवे जायला कोणी धजेना. बांधीचे चार आडवे, चार उभे फेरे झाले, तेव्हा कुठे तो पलीकडच्या धुऱ्यावरील मोहाच्या झाडाच्या बुंध्याला धडकून बंद पडला.

आचलने सुतळी दातांनी तोडली. पडदा उघडताच आतून वाफ आली, आणि वाफेमागून मनसारामजी. सदऱ्यातून, धोतरातून, मिशांतून घाम निथळत होता.

“भाऊ, आतमंदी पाऊस आला का जी?” आचलच्या तोंडून निघून गेले.

कोणी हसले नाही. मनसारामजींनी डोळे पुसले आणि बांधीकडे पाहिले. हिरवे असे तिच्यात काही उरले नव्हते. तुटके पऱ्हे पाण्यावर तरंगत होते. गिरजाबाई धुऱ्यावर उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांतले एक एक काढून नीट ठेवत होत्या, जणू ते पुन्हा लागणार होते.

“माही चूक झाली, गिरजाबाई,” मनसारामजी म्हणाले.

“तुमची कायले? म्याच तोंडाले चिखल फासला. तुमाले आंधळं म्या केलं.”

“चालवत मी होतो ना!”

“दिसत कोठी होतं तुमाले?”

इतक्यात बायांचा कालवा ऐकून, जेवणाच्या वेळेआधीच, डोक्यावर डब्याची टोपली घेऊन रुखमाबाई आल्या. सगळे ऐकून त्यांनी टोपली खाली ठेवली. “कोनाचीच चूक नाई. म्या शिवलं. मांगून उघडं असतं तं हा मानूस निंगाला असता बाहेर.” त्याच वेळी त्यांच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. पलीकडून प्रफुलने सारे ऐकले आणि तोही म्हणाला, “माहीच चूक हाय आई, म्याच पाठवलं.”

“आता थ्या बर्फातल्या मानसालेच बलवा,” मनसारामजी थकून म्हणाले, “थोच एक राह्यला कबूल कराचा.”

प्रफुलने विचारले, “बाबा, भिजले तं नाई ना?”

मनसारामजींनी अंगाला चिकटलेला सदरा सोडवला. “नाई रे. पान्याचा एक थेंब नाई लागला.”

हे सत्यच होते, म्हणून ते बोलताना त्यांना फार वाईट वाटले.

मग ते धुऱ्यावर उभे राहून दोन्ही बांध्या पाहू लागले. आपली बांधी; जिच्यात जेमतेम सात फेरे झालेले, निम्म्या भागात न फुटलेली ढेकळे पाण्याखाली तशीच. गिरजाबाईंची बांधी, लोण्यासारखी. गावात कोणाजवळ रोप उरलेले नव्हते. होते ते एकट्या त्यांच्याजवळ, आणि एका बांधीपुरते. टोळीचा दिवस अर्धा सरला होता.

“आचल, पेंड्या इकडं आना,” ते म्हणाले. “चिखल इथी झाला. रोवना इथीच होईन.”

“भाऊ!” गिरजाबाई उठून उभ्या राहिल्या. “मंग तुमची बांधी?”

“माह्या बांधीत चिखल कुठी हाय, गिरजाबाई? ढेकळात रोवता का?”

“मी नाई घेत. तुमच्या घरचं खानं होय थे.”

“माह्या टिलरनं तुमचं उपटलं. थ्याच टिलरनं एवढा मस्त चिखल केला. आता थो वाया घालवता का?” हा युक्तिवाद शास्त्रात बसणारा नव्हता. गिरजाबाईंनी रुखमाबाईंकडे पाहिले. रुखमाबाई पदर खोचून पेंड्या आणायला निघाल्या होत्या.

दुपार कलेपर्यंत त्या बांधीत पुन्हा हिरवे उभे राहिले. मनसारामजी धुऱ्यावरून एक एक पेंडी बायांच्या हाताशी फेकत होते. उघड्या डोक्याने, उघड्या छातीने ते झडीत भिजत होते. रुखमाबाईंनी त्यांच्या डोक्यावर धरायला तो पोत्यांचा पडदा दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा त्या जाऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि स्वतःही भिजू लागल्या. शेवटचा पऱ्हा गिरजाबाईंनी लावला. त्यांनी तो चिखलात खोचला आणि बोटे बराच वेळ बाहेर काढली नाहीत.

खालची बांधी तशीच राहिली. तिच्या पाण्यात ढग उतरले होते, दुसरे काही नव्हते.

ज्यांनी त्या दिवशी दोष एकमेकांवर न ढकलता आपल्याकडे ओढून घेतला, त्या सर्वांचे कल्याण असो. माजरीच्या खाणीत आईबापांची काळजी करणाऱ्या लेकराला शांत झोप लागो. गिरजाबाईंच्या बांधीत लोंब्या भराव्या. मनसारामजींचा श्वास मोकळा वाहो. आणि रुखमाबाईंच्या मायेला, ईश्वरकृपेने, पाठीमागून थोडी उघडी जागा राहो.