चार्जरचा जबाब

इढोळे जमादारांनी रिटायर झाल्यावर पहिली अटक केली ती घरच्या कुकरच्या शिट्टीला. कुकर दोन दिवस शिट्टी देत नव्हता. दुसरा कोणी असता तर आतलं रबर बदलून मोकळा झाला असता. जमादारांनी शिट्टी काढली, रुमालात गुंडाळली, ओट्यावर ठेवली आणि समोर खुर्ची टाकून बसले. मग सुमनकाकूंना विचारलं, "घटनेच्या वक्ती तुमी कुठं होत्या?" बायकोला एरवी तू म्हणणारा माणूस, पण चौकशी लागली की तुमी.

"गॅसपाशी. अजून कुठं जाईन मी?" काकू म्हणाल्या.

"हे तुमी म्हणता. साक्षीदार कोण?"

साक्षीदार मी निघालो, कारण मी समोरच्याच घरात राहतो. दीड तास बसवलं मला. चहा मिळाला, पण तोही आरोपीला देतात तसा, डोळ्यात डोळे घालून.

जमादार अंगानं काटकुळे, मिशी मात्र भरघोस आणि काळीकुट्ट. पायजम्यावर अजून पोलीस खात्याचा पट्टा बांधतात. चोर माणूस असो की वस्तू, त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "सांगून टाक, हलकं वाटते." हे वाक्य मी त्यांना बंद पडलेल्या टीव्हीला म्हणताना ऐकलं आहे, अंडी न देणाऱ्या कोंबडीला म्हणताना ऐकलं आहे आणि एकदा तर रिसोडच्या डॉक्टरला, तोच यांना तपासत असताना.

आता माझं सांगतो. नाव गजानन, पण गावात गज्या. आमचं गाव केनवडपासून थोडं आत. टेकडीवर देवस्थान आहे, आणि त्या देवस्थानची बॅटरीवरची गाडी मी चालवतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांना खालून वर न्यायचं आणि परत आणून सोडायचं. पुण्याच्या एका भक्तानं दिली. तिचं खरं नाव गोल्फ कार्ट. आमच्याकडे मोकळी जागा दिसली की सोयाबीन पेरतात, गोल्फ कोण खेळतो? पण गाडी गुणाची. आवाज नाही, धूर नाही.

या गाडीनं सगळ्यात जास्त कोणाचं भलं केलं असेल तर सुमनकाकूंचं. तीन वर्षांपासून त्यांचे गुडघे गेलेले. दारापुढच्या पायऱ्या उतरणंसुद्धा होईना. गाव काय ते खिडकीतून पाहायचं. गाडी आली तशी मी रोज सकाळी त्यांच्या दारात लावू लागलो. धरून बसवायचं, वर दर्शन करून आणायचं. सगळ्या रस्त्यानं तोंड चालू. "हे घर कवा बांधलं, बाबू? तो लिंब काहून तोडला? ही कोणाची सून होय?" मी वैतागायचो, खोटं कशाला सांगू. पण उतरताना ती बाई अशी हसायची की दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी दारात लावावीच लागायची.

आणि जत्रा तोंडावर आली असताना चार्जर मेला.

एरवी भिंतीला प्लग लावून दुसरं टोक सीटखालच्या खाचेत बसवलं, की चार्जर घुंऽऽ करायचा आणि लाल दिवा लागायचा. त्या दिवशी घुं नाही, दिवा नाही. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, बंद करून चालू करा. केलं. तो म्हणाला, पुन्हा करा. मी म्हटलं, राजा, तू ये ना इकडं. तर म्हणे, जत्रेनंतर. देवस्थानचे अध्यक्ष आधीच गाडीवर चिडलेले. म्हणाले, "जत्रेत बंद गाडी मंडपात नोको. परवा टेम्पो बोलावतो, ज्यानं देल्ली त्याच्याकडं वापस."

हे काकूंना कोणीतरी सांगितलं. त्यांनी जत्रेसाठी लुगडं धुऊन, घडी घालून उशाशी ठेवलं होतं. मला एवढंच म्हणाल्या, "असू दे बाबू, मी खिडकीतून पाहीन." जमादार तिथंच पट्टा आवळत उभे होते. त्यांनी चप्पल घातली आणि निघाले.

मी गाडीच्या शेडवर पोचलो तोवर गाडीभोवती खडूची रेघ ओढून झाली होती.

"घटनास्थळ हाये. आत पाय नोको टाकू," जमादार म्हणाले. "शेवटी जिवंत कोणी पाह्यली?"

"काय?"

"गाडी."

"मी."

"मंजे पयला संशय तुह्यावर. परवा रात्री घरी भांडण झालं का?"

"जमादारसाहेब, माह्या भांडणाचा चार्जरशी काय संबंध?"

"मी इचारतो, तू सांगतो. झालं का?"

झालं होतं. सांगावं लागलं. काहून झालं तेही सांगावं लागलं. शेडबाहेर जमलेल्या लोकांनी अगदी मन लावून ऐकलं. कपाळ माझं! गाडी सुरू व्हायच्या आधी माझा संसार चव्हाट्यावर आला.

मग मोटर वायंडिंगवाल्या रशीदला बोलावलं. रशीदनं मीटर आणला. भिंतीचा पॉइंट तपासला, करंट होता. "हा सुटला," जमादार म्हणाले. फ्यूज पाहिला, चांगला. "हाही सुटला." वायर आतून तुटलेली नाही. "हिले जामिनावर सोड, गाव सोडून जायचं नाही." बॅटऱ्यांचं पाणी पाहिलं, बरोबर होतं. तरी जमादारांचा संशय चार्जर आणि बॅटरीवरच. दोघांना एका खोलीत ठेवलं तर जबाब जुळवून घेतात म्हणून त्यांनी चार्जर उचलून थेट शाळेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवायला लावला. तो धोंडा मी उचलला, हे वेगळं सांगायला नको.

रशीद शेवटी वैतागला. "चाचा, चार्जर अकेला कुछ नहीं बोलेगा. त्याले समोर बॅटरी लागली हे कळलं, तरच तो चालू होते."

"अस्सं! मंजे आमनेसामने करा लागते. पयलेच सांगतलं असतं!"

धोंडा परत आणला. मीच. रशीदनं गाडीची खाच सोडून दिली आणि चार्जरच्या वायरी सरळ बॅटरीला जोडल्या. घुंऽऽऽ! लाल दिवा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जमादारांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"दोघंही निर्दोष. चोर मधातला हाये."

मध्ये राहिली होती एकच जागा, सीटखालची ती खाच. रशीदनं वायरी काढल्या. जमादार गुडघ्यावर बसले, टॉर्च मारला, बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोट लालपिवळं झालेलं. तेलात कालवून थापलेलं हळदीकुंकू, थरावर थर. त्याच्या मागून त्यांनी चिमटीनं ओढून काढलं एक कापसाचं वस्त्र, देवाला वाहतात तसलं. चार्जरचं टोक खाचेत नीट टेकणार कसं? मधात कापूस आणि कुंकू.

वस्त्राच्या मधोमध बारीक गाठ होती. अशी गाठ मारायची पद्धत आमच्या गावात एकाच घरात आहे. दर शुक्रवारी वस्त्रांची पुडी आमच्या घरी येते, मला ती लगेच ओळखू आली. आणि मग आठवलं, उतरताना काकू म्हणायच्या, "थांब जरा बाबू," आणि सीटखाली हात घालायच्या. मला वाटायचं, आधार घेत असतील.

"काय निघालं?" अध्यक्षांनी दारातून विचारलं.

जमादारांनी मूठ मिटली. माझ्याकडे पाहिलं. या माणसाची नजर मी आजवर फक्त रोखलेली पाहिली होती. आज ती मला विनवत होती.

"उंदीर," ते म्हणाले. "कापूस भरून ठेवला लेकाच्यानं. घर करून राह्यला होता."

अध्यक्षांनी उंदरांना चार शिव्या दिल्या आणि टेम्पो नको म्हणून सांगितलं. रशीदनं खाच घासूनपुसून लख्ख केली, लाल बोळा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि बोळा गुपचूप पिशवीत टाकला. तोही शहाणाच.

घरी जाताना जमादार एकदम रस्त्यात थांबले. "गज्या, साऱ्या नोकरीत मी खोटा पंचनामा नाही केला. आज केला."

"करा लागते कधी."

"तसं नाही रे. पोहरादेवीचा बंदोबस्त, शिरपूरचा बंदोबस्त, गणपती, दसरा, सारे बंदोबस्त मी केले. लोकाईच्या बायकालेकराईले रस्ता करून देला. ही दर साली म्हणे, मले एक तरी जत्रा दाखवा. मी म्हणो, रिटायर होऊ दे. रिटायर झालो तं हिचे पाय गेले." त्यांनी मूठ उघडून ते वस्त्र पाहिलं आणि खिशात ठेवलं. "आता हिले चोर कसं म्हणू मी?"

काकू खिडकीतच होत्या. "सापडला का?"

"सापडला. उंदीर होता. आन् ऐक, हळदीकुंकू आता समोरच्या काचेले लावत जाय."

"काहून? गाडी जिथून जेवते तिथं नोको? इतकं करते बिचारी माह्यासाठी."

"समोर लावलं तं लोकाईले दिसते," जमादार म्हणाले.

जत्रेच्या दिवशी टेकडीच्या रस्त्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. मी हॉर्न वाजवून वाजवून दमलो, कोणी हलेना. तेवढ्यात गाडीच्या पुढे जमादार आले. कडक इस्त्रीचा सदरा, पट्टा, हातात काठी, आणि तो ठेवणीतला आवाज: "चला, बाजू द्या! गाडी येऊन राह्यली! ओ दादा, लेकरू उचला! बाजू!"

गर्दी दुभंगली. पालखीलासुद्धा एवढी वाट मिळाली नसेल. मागे काकू मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. लाजून लाल झालेल्या. "अवो, पुरे झालं आता, लोक पाहून राह्यले," असं पुटपुटत होत्या आणि मान वळवून वळवून पाळणे, बांगड्यांची दुकानं, रेवड्यांचे ढीग, सगळं डोळ्यांत भरून घेत होत्या.

कडेच्या एका म्हाताऱ्यानं टाचा उंचावून विचारलं, "जमादार, कोण साहेब येऊन राह्यले?"

जमादारांनी काठी आडवी धरून त्याला मागे सारलं.

"साहेब नाही," ते ओरडून म्हणाले. "माही बायको हाये. जत्रा पाहाले आली. बाजू द्या!"